ही मतं अचानक आली कुठून?

तुमच्यापैकी काहींनी माझ्या गेमला मत दिलंय, म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

एका ऑनलाइन ग्रुपवर रोलप्लेइंग, म्हणजे पात्रं होऊन खेळायचे गेम लिहिण्याची स्पर्धा आहे. मी सुरतमधल्या लिंबायतच्या, कापड विणणाऱ्या लूम कारखान्यावरचा गेम पाठवलाय. निकाल सभासदांच्या मतांवर ठरतो आणि बनावट मतं सापडली तर गेम बाद होतो. सकाळी मी सहावी होते. दुपारी जेवताना पाहिलं, तर पहिली.

आनंद झाला नाही, मी आधी मतांची यादी पाहिली. नवी मतं देणारी सगळी अकाउंट आजच उघडलेली होती. वाटलं, मला बाद करवायलाच कुणीतरी हे केलंय. सकाळी पहिली असलेल्या मुलीला मी तिखट मेसेजही टाइप केला. तेवढ्यात एका नव्या अकाउंटची कमेंट दिसली, "भलतं भारी शे."

ही तर आमच्या घरची अहिराणी. मी सुरतजवळच्या सचिन गावी कारखान्यात असलेल्या भावाला फोन लावला.

"दादा, ह्या मतं तूच दिधात का?"

"मी एकलाच नही. आख्खा कारखानानी दिधात."

"पन गेम कोनी वाचा का?"

"वाचाले टाइम कोठे शे? तू मनी बहीन शे, बस."

मी मेसेज पुसला आणि ती मतं काढून टाका, असं आयोजकांना कळवलं. स्वतःहून सांगितल्यामुळे गेम बाद झाला नाही, पण आता पुन्हा सहावी आहे. दादा माझ्याशी बोलत नाहीये.

संशय मात्र गेला नाही. उरलेल्या मतांकडेही मी आता तशीच बघते. खरं सांगा, तुम्ही तरी गेम वाचला होता का?