दाखवायला खडा हवा

मुतखड्याच्या डॉक्टरकडे किस्से साचतातच. दुखणं थांबलं की पेशंट बोलायला लागतो, आणि नंदुरबारकडचा पेशंट एकदा बोलायला लागला की थांबत नाही.

वाकणारी दुर्बीण आणि लेझर आणलं, तेव्हा पहिले आले रनाळ्याचे दगाआप्पा. दुर्बीण लघवीच्या वाटेनं किडनीपर्यंत नेली, लेझरनं खड्याची भुकटी केली. भुलीतून शुद्धीवर येताच आप्पांनी पोट चाचपलं.

"टाका कोठे शे?"

"टाका नाही, आप्पा."

"खडा?"

"भुकटी झाली. लघवीतून जाईल."

आप्पांनी पुन्हा एकदा पोट चाचपलं. मग म्हणाले, "मंग माले झोपाडं कसाले?"

*

आमच्याकडे ऑपरेशनचा खडा बाटलीत घालून घरी नेतात, टीव्हीशेजारी ठेवतात. भुकटीचं काय ठेवणार? एका मास्तरांना म्हटलं, लघवी गाळून बघा, कण दिसतील. पुढच्या तपासणीला आले ते तब्येत छान, चेहरा पडलेला.

"त्यासाठी गाळणी वेगळी आणलीय, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी चहा घेत नाही."

*

धडगावचा एक पेशंट ऑपरेशनसाठी जीपनं निघाला. घाटात हादरे बसले आणि खाली उतरल्यावर खडा लघवीतून पडला. तरी आला बिचारा, खिशातून काढून मला दाखवला. मला जीपवाल्याचा हेवा वाटला. जीपवाला आता दवाखान्याच्या पेशंटला मुद्दाम मागच्या सीटवर बसवतो.

*

तिकडे दगाआप्पा रनाळ्यात सांगत सुटले, "डॉक्टर झोपाडस, काही काढत नही." आप्पा ठणठणीत होते, पण बाटली नव्हती ना! रनाळ्याचे ठरलेले पेशंट खडा हातात मिळावा म्हणून धुळ्याला जायला लागले. मी खरंच घाबरलो. असंच चाललं तर लेझरवर चादर टाकून बसायची वेळ येणार होती.

*

आणि मग गावठी इलाज करणारे एक बाबा आले. हे बाजाराच्या दिवशी पेशंटच्या कमरेला तोंड लावून खडा ओढतात आणि तळहातावर थुंकून दाखवतात. त्यांच्याकडे रांग असते. आता त्यांच्याच किडनीत खडा.

विचारलं, "बाबा, स्वतःचा का नाही काढला?"

"मन्हं तोंड मन्ही कंबरले पोचत नही."

लेझर केलं. घरी जायच्या दिवशी बाबा खुशीत होते. जाता जाता हळूच म्हणाले, "पेशंटले काय दखाडतस?"

"काहीच नाही. भुकटी होते."

बाबांना माझी दया आली. त्यांनी दार लोटलं, बंडीतून एक कापडी थैली काढली आणि टेबलावर ठेवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"ठी ल्या, डॉक्टरसाहेब. तापी नदीना शेतस. धुयेल शेतस."