एक बोट म्हणजे चार ओळी

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांसाठी आम्ही तिघांनी एक छोटा एडिटर तयार केला होता. त्यावर रंगाचं कार्ड, म्हणजे कोणता रंग किती घालायचा याच्या ओळी, टाइप करून छापायचं. कार्डाच्या वरच्या भागात कापडाची कटिंग, म्हणजे नमुन्याचा तुकडा, चिकटवतात, म्हणून तेवढी जागा कोरी सोडावी लागे. किती, ते माझ्या मेहुण्याने ठरवलं. आमच्या स्वयंपाकघरात छापलेला कागद पसरून त्याने त्यावर बोट आडवं ठेवलं. "दाजी, एक बोट म्हणजे चार ओळी. मिलमधला माणूस पट्टी शोधत बसणार का?" व्हेरिएबलचं नाव त्याने 'बोट'च ठेवलं. सेटिंगच्या फाइलीत चार बोटं लिहिली की सोळा ओळी सुटत.

पुढे सरळ ओळी मोजणारं दुसरं व्हेरिएबल मी घातलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेहुणा तापाने गेला.

मग एका मिलच्या क्लार्कने शेजारच्या मिलची फाइल फ्लॉपीवर आणून आपल्या फाइलीला जोडली. एकीत बोट होतं, दुसरीत ओळी; एडिटरने दोन्ही मापांची बेरीज केली, कोरी जागा दुप्पट झाली आणि निळ्या रंगाची शेवटची ओळ पुढच्या कार्डावर गेली. जांभळ्याऐवजी अख्खा लॉट गुलाबी निघाला.

तिसरा भागीदार सुरती. तो म्हणाला, "काका, आंगळीथी कोण मापे छे हवे? बोटाने कोण मापतं आता? काढून टाका."

"दोन्ही असली तर फक्त नवं धरायचं, असं करता येतं," मी म्हणालो.

"मग जुनं कशाला? उद्या नवा माणूस विचारेल, बोट कोणाचं?"

मी फाइलीतली बोटाची ओळ पुन्हा वाचली. तो मग हळू म्हणाला, "तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवू."

बहुतेक गिऱ्हाइकांच्या फाइलीत अजून बोटच होतं, एकदम काढलं तर त्यांची कार्डं बिघडली असती. पण एका गोष्टीला दोन मापं ठेवणं चूक, हेही मला दिसत होतं. "या आवृत्तीत सूचना दाखवू," मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत काढू." बोलताना मला काहीच वाटलं नाही.

घरी बायकोने ताट वाढलं. "ठरलं का?"

"काढायचं."

"तो असता, त्याला विचारलं असतं तर?"

"त्यानेही काढलंच असतं."

"आधी भांडला असता," ती म्हणाली.

"हो." मी जेवलो.

सूचना मीच लिहिली: 'बोट हे माप जुनं झालं. ओळी वापरा.' एडिटर उघडला की ती यायची. नवी आवृत्ती गेल्यावर भेस्तानच्या मिलमधून एका क्लार्कचा फोन आला. खानदेशचा मुलगा.

"काका, ते बोट म्हणजे हाताचं बोट व्हय?"

"हो. तुम्ही मापत नव्हता?"

"छे! पहिल्यापासून फाइलीत चार होतं, चारच ठेवलं. पण मापलं कोणाच्या बोटानं?"

"इथल्याच एकाच्या," मी म्हणालो. "ती ओळ काढा. नव्या मापात सोळा लिहा."