साक्षीदाराचा रकाना

कऱ्हाड सोडलं त्या सकाळी आमच्या दारात माझ्या बॅगेचं वजन चाललं होतं. शेजारच्या किराणा दुकानातला मोठा काटा बाबांनी उचलून आणवला होता. आई मेतकुटाची पिशवी आत टाकायची, काटा पुढं सरकायचा, की बाबा कुकरचं झाकण बाहेर काढायचे. बिनझाकणाचा कुकर घेऊन पोरगी परदेशी जाणार का, यावर दोघांची चांगली जुंपली. मुंबईला जायची गाडी आली तेव्हा आईनं हातावर दही दिलं आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत ओळखीच्या ओळखीतली तीन नावं, आडनावांसकट. एक लंडनचं, एक जर्मनीतलं, एक बेल्जियमचं. मी चालले होते नेदरलँड्सला, पण आईच्या हिशेबी ते सगळं एकाच गल्लीत होतं. "आधी आपली माणसं बघ, बाकी सगळं मागनं," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "कुणाचं मिंधं राहू नकोस."

दोघांचंही ऐकायचं तर नेमकं वागायचं कसं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि अकरा वर्षांनी आजही कळत नाही. म्हणून हे लिहायला बसले. तिकडं राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखं निघून आलात त्यांच्यासाठीही. वाचून झालं की माझं चुकलं कुठं ते सांगा. मला एकच जागा सापडत नाही, चार-पाच सापडतात.

वाखनिंगनला शिकत होते तोवर सगळं सोपं होतं. खोली विद्यापीठानं दिली, सायकल सीनियरनं दिली, आणि धडपडून गुडघे फुटले ते माझे मी फोडून घेतले. खरी परीक्षा एका प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर, आर्नहेमला घर शोधताना झाली. इथं घरं मकेलार दाखवतो, म्हणजे एजंट. मी फोन केला, नाव सांगितलं, तर घर बघायच्या सगळ्या वेळा भरलेल्या. ऑफिसमधल्या डच मैत्रिणीनं दहा मिनिटांनी त्याच घरासाठी फोन केला, तिला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैत्रीण म्हणाली, रडू नकोस, तक्रार कर. इथं खमेंतेनं, म्हणजे नगरपालिकेनं, अशा तक्रारींसाठी ऑफिसच ठेवलंय. कुणाला धर्मावरून, रंगावरून, वयावरून, अपंग आहे म्हणून कुणी दारातून परत पाठवलं, तर तिथं जाऊन सांगायचं. मी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मकेलारला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं की गैरसमज झाला, क्षमस्व. घर काही मिळालं नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी कागदावर काहीतरी लिहिलं, याचंच मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्या दिवसांत मला घरात घेतलं सुनीतावहिनींनी. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली, आणि आठवड्याभरात मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला गेले. अडीच महिने राहिले. मध्ये माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा आई तिकडं फोनवर रडत होती आणि वहिनी इकडं मला मऊभात भरवत होत्या. स्वतःची रजा घालवून माझ्या उशाशी बसल्या. त्या माझ्या कोण लागतात असं कुणी विचारलं, तर मी थोरली बहीण म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

पुढं मला स्वतःचं घर मिळालं. मग त्या तक्रारींच्या ऑफिसातून विचारणा झाली, आठवड्यातून एक दुपार स्वयंसेवक म्हणून येशील का. मी एका पायावर तयार. दर गुरुवारी जाते, सहा वर्षं झाली. आमची प्रमुख इनेका, साठीची बाई, आवाज कधी चढत नाही. तिचे नियम दोनच. तक्रार करणाऱ्याचेच शब्द लिहायचे, आपलं मत फॉर्मबाहेर ठेवायचं. आणि प्रकरणातल्या कुणालाही आपण ओळखत असलो, तर तिथल्या तिथं उठायचं. बाबांना हे काम फोनवर समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. शेवटी म्हणाले, "म्हणजे मानवी हक्क आयोगच की." तेव्हापासून अख्ख्या कऱ्हाडात मी मानवी हक्क आयोगात आहे. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं.

यंदा मार्चमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रज्ञाचा मेसेज आला. नांदेडची मुलगी, वाखनिंगनला शिकते, आर्नहेमच्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, खोली हवी आहे. वहिनींचा माळा रिकामाच होता. मी दोघींची गाठ घालून दिली. व्हिडिओ कॉल झाला, वहिनींना मुलगी आवडली, एक तारखेपासून ये म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चला, पुण्याचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी मला वहिनींचा मेसेज. "मुलगी गोड आहे गं. पण तिनं स्वतःचं आणि वडिलांचं नाव तेवढं सांगितलं. आडनाव काय? बघ ना जरा."

मंडळाच्या नावनोंदणीची यादी माझ्याकडे असते. मी ती उघडली, आडनाव शोधलं, टाइप केलं आणि पाठवलं. भाजी चिरता चिरता. अर्धं मिनिटही लागलं नसेल. ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुम्हीही तेच कराल जे आपण सगळे करतो. नाव ऐकायचं, गाव ऐकायचं, आणि मनातल्या मनात माणसाला कुठल्या तरी खणात ठेवून द्यायचं.

वहिनींचं उत्तर आलं, "अच्छा." दोन दिवसांनी त्यांनी प्रज्ञाला कळवलं की घरी पाहुणे येणार आहेत, खोली देता येणार नाही. मलाही तेच सांगितलं. मी "ओके" पाठवलं. कोण पाहुणे, किती दिवस, काही विचारलं नाही. एरवी त्यांच्याकडं कुणी चहाला येणार असलं तरी मी खोदून खोदून विचारते.

पाहुणे आले नाहीत. महिनाअखेरीला त्या खोलीत दुसरी मराठी मुलगी राहायला आली, आणि ती निघाली नेमकी प्रज्ञाच्याच वर्गातली.

एका गुरुवारी ऑफिसचं दार उघडून प्रज्ञा आत आली. आम्ही तोवर फोनवरच बोललो होतो, पण तिनं फोटोवरून ओळखलं. "ताई, तुम्ही इथं असता? बरं झालं. डचमध्ये हे कसं सांगावं तेच मला कळत नव्हतं," ती म्हणाली आणि समोर बसली. मी त्याच क्षणी उठून इनेकाला बोलवायला हवं होतं. उठले नाही. फॉर्म पुढं ओढला आणि म्हणाले, "पूर्ण नाव?"

तिनं आडनाव सावकाश, स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली, "लिहा ताई, पूर्ण लिहा. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा ते टाळायला शिकले. इथं आले तेव्हा वाटलं होतं, आता सुटले. इथल्या लोकांना माझं आडनाव नीट म्हणतासुद्धा येत नाही, त्याचं मला किती बरं वाटायचं."

फॉर्मवर कारणांची यादी असते. धर्म, वंश, लिंग, वय, अशी. जात नाही. मी इनेकाकडं जाऊन मोघम विचारलं. ती म्हणाली, वंशात कूळही येतं, तिथं लिही, पुढचं बघू. पण नुसत्या संशयावर पत्र पाठवता येत नाही, काहीतरी आधार लागेल. मी परत येऊन प्रज्ञाला विचारलं, आधार काय? ती म्हणाली, "तोच तर नाही. मी त्यांना आडनाव सांगितलंच नव्हतं. त्यांना कळलं कसं, कुणी सांगितलं, हेच मला समजत नाही. ते कळलं असतं तर सगळं जोडता आलं असतं."

फॉर्मवर शेवटी साक्षीदाराचा रकाना असतो. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता, आणि पर्स माझ्या पायाशी. मी त्या रकान्यात लिहिलं, नाही.

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. प्रयोगशाळेत नमुने उलटसुलट लावले, सायकल स्टेशनवर विसरून चालत घरी आले. आईला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. आई म्हणाली, "तू नुसतं आडनाव सांगितलंस. त्यात कसला आलाय गुन्हा? आणि ज्या बाईनं तुला भरवलं तिच्यावर उलटणार आहेस का?" मला पटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, त्या मकेलारनंही माझं नुसतं नावच विचारलं होतं. बाबा फोनवर आलेच नाहीत. ते बाहेर गेलेत, असं आई म्हणाली.

रविवारी वहिनींकडं गेले. त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, मला आवडतात म्हणून. मी सरळ विचारलं. वहिनींनी आढेवेढे घेतले नाहीत.

"माझ्या मनात काही नाही गं," त्या म्हणाल्या. "ऑफिसात मी सगळ्यांबरोबर डबा खाते. पण मे महिन्यात सासूबाई येणार, माळ्यावरच देव आहेत. त्यांना काय सांगू? बाहेरचं वेगळं, घराचं वेगळं असतं."

मी म्हटलं, "तिनं तक्रार केलीय वहिनी."

त्यांनी पुऱ्यांवर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "आडनाव तर तूच पाठवलंस."

राग नव्हता त्यांच्या आवाजात, हेच अवघड झालं. त्यांना खरंच वाटत होतं की मी समजूनच पाठवलं. आणि मी घरी येताना बसमध्ये स्वतःला किती विचारलं तरी, मला माहीत नव्हतं असं काही म्हणता येईना. वहिनींवर माझं प्रेम आहे, आजही आहे. प्रेम असलेल्या माणसाविरुद्ध मेसेज काढून दाखवायचा, की जिच्याशी चार वेळा बोलले त्या मुलीला खोटं पाडायचं? तुम्ही काय केलं असतंत? खरंच विचारतेय.

बुधवारी प्रज्ञाला स्टेशनजवळच्या कॅफेत बोलावलं. कॉफी यायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर सांगितलंच नसतं. "आडनाव मी सांगितलं त्यांना. यादीतून काढून. आणि त्या दिवशी फॉर्मवर साक्षीदार नाही असं मीच लिहिलं. माफ कर. माझ्या लक्षातच आलं नाही."

कॉफी आली, तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "लक्षात आलं नाही, तर मग 'कशाला हवंय' असं का नाही विचारलंत त्यांना?"

विचारलं नाही, कारण कशाला हवंय ते मला माहीत होतं. कऱ्हाडपासून माहीत होतं.

"मी आता काय करू, तू सांग," मी म्हणाले.

"मला नका विचारू ताई. ते पण मीच सांगायचं का?" ती म्हणाली, कॉफी तशीच ठेवून उठली आणि सायकल काढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इनेकाला सगळं सांगितलं, मेसेज दाखवला. ती रागावली नाही. माझ्याकडून प्रकरण काढून घेतलं, यादी अशी वापरल्याबद्दल मंडळालाही कळवायला सांगितलं, आणि मला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसवलं. माझेच शब्द ती लिहून घेत होती. शेवटच्या रकान्यात माझं नाव गेलं. वहिनींना पत्र गेलंय, त्यांची बाजूही ऐकली जाईल, निकाल काय लागेल ते कुणालाच ठाऊक नाही. वहिनींनी मला ब्लॉक केलंय. ग्रुपवर निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत, आणि उरलेले जरा जास्तच गोड बोलतात. प्रज्ञाला एका डच म्हाताऱ्या जोडप्याकडं खोली मिळाली. तिचे माझे संबंध सुधारले वगैरे काही झालेलं नाही. दुकानात दिसली तर मान हलवते.

मी बरोबर केलं का, तर ठाऊक नाही. उशिरा केलं, एवढं नक्की. पण रोज संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडताना एक गोष्ट डोक्यात घोळते. गणपतीत वहिनी पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा प्रसाद हातात देता देता त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. आडनाव काय, आणि मूळ गाव कुठलं. मी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. या परक्या देशात मला घर मिळालं ते तेव्हा, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. कुणी काही न विचारता मला आत घेतलं, असंही सांगत आले. पण वहिनींनी विचारलं होतं. माझं उत्तर त्यांना चाललं, म्हणून मी आत होते.