झाडून ठेवलेलं शेत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे सांगताना मी लाजत नाही, आणि कृषी सहायक म्हणून साखरखेर्ड्याकडच्या माझ्याच गावात पंचनाम्याला गेले तेव्हा तर मान जरा वरच होती. वादळी पावसाने गावातली शेडनेटं झोपवली होती. कुणाचं काय गेलं ते पाहायचं, फोटो काढायचे, पंचांच्या सह्या घ्यायच्या. जे नोंदलं जातं तेच नुकसान. बाकीचं सरकारदरबारी घडलेलंच नसतं.

मावशीचं शेत शेवटी आलं. मावशी म्हणजे माझ्या आईच्या जोडीने जन्मभर निंदणा-खुरपणाला गेलेली बाई. मोठ्या हौसेने तिने मिरचीच्या बियाण्यासाठी नेट उभं केलं होतं. पोचले आणि थबकलेच. वाफे मोकळे, जमीन झाडून लख्ख. फाटलेल्या जाळीची नीट घडी, तिच्यावर दगड. कडेला बाज टाकलेली, बाजेवर नवी चादर.

"मावशी, मिरची कुठाय?"

"उपटली ना माय. मोडून पडली होती सारी. तू साहेब होऊन येऊन राह्यली, तुले कचऱ्यात उभी करू का?"

फोटोत दिसणार होतं ते पेरणीला तयार असलेलं रान. वरच्या कार्यालयात कुणीही तो पाहिला असता तर 'नुकसान नाही' असंच म्हटलं असतं. आणि तिची नवी जाळी तर त्या नोंदीच्या भरवशावरच उभी राहायची होती.

"बस ना आधी," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारचा काका आला. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. तो माझ्याशीच बोलला.

"तिची मिरची आडवी झालेली म्या पाह्यली. उपटून सारी माह्या बाजूनं टाकली तिनं. भांडणारच होतो."

"मंग भांडला काऊन नाही, विचार त्याले," मावशी मला म्हणाली.

"गावची पोरगी पंचनाम्याले येऊन राह्यली होती म्हणून."

ढीग खरंच तिथे होता. मुळांना माती, झाडांना हिरवी फळं. मी ढिगाचा फोटो घेतला, मोकळ्या वाफ्यांचा घेतला, वाकलेल्या पाइपांचा घेतला, आणि झाडं कुणी, कशासाठी उपटली ते जसंच्या तसं लिहिलं. पंच म्हणून काकाने सही केली. मावशीच्या नुकसानीची नोंद झाली.

आता कुठल्याही गावाला मी आधी निरोप धाडते: काही झाडू नका. पण माझ्या आईने साहेबांसाठी बाज टाकलेली मी पाहिली होती. माझ्यासाठी कुणी टाकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी तिच्यावर ऐटीत बसले.

काका निघाला तशी मावशी मला म्हणाली, "त्याचाबी चहा ठेवला हाय. पिऊन जाय म्हणा."

काका बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"तिले सांग," तो म्हणाला, "ढीग उद्या उचल म्हणा."