एल्माच्या फडताळातला सर्व्हर

एल्मा लान्तो चौतीस वर्षं स्वीडनच्या उत्तर टोकाला, तोर्ने नदीकाठच्या गावांत परिचारिका म्हणून फिरली. म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजून झाला की ती टेप सुरू करायची आणि त्यांना मेआनकिएलीत बोलतं करायची. ही त्यांची घरची भाषा. शाळेत ती तोंडातून निघाली म्हणून त्यांनी मार खाल्लेला. असे सहाशे आवाज तिने जमवले आणि निवृत्तीनंतर इंटरनेटवर भाड्याच्या जागेत ठेवले, कुणालाही ऐकता यावेत म्हणून.

एके दिवशी त्या कंपनीचं पत्र आलं: भाषा ओळखता येत नाही, मजकूर तपासता येत नाही, सबब महिनाअखेर सगळं काढून टाकू.

"ओळखता येत नाही म्हणे!" एल्माने कप आपटला. "मास्तरांना बरी ओळखू यायची!"

शेजारचा हिल्डिंग निएमी आयुष्यभर वीजजोडणीची कामं केलेला. तो म्हणाला, "सोड ना, एल्मा. या वयात कुठे भांडतेस? आणि ऐकतंय कोण?"

"मी ऐकते. पुरे नाही?"

तिने वापरलेला एक मिनी पीसी मागवला, तळहातावर मावेल एवढा. आवाज त्यावर चढवताना दोनदा सगळं पुसलं गेलं, पण मूळ टेप जवळ होत्या. तिसऱ्यांदा सर्व्हर उभा राहिला, फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी. चोवीस तास चालू, पण वीज एका लहानशा दिव्याएवढी.

"हे खेळणं?" हिल्डिंग हसला.

"असू दे खेळणं. माझ्या घरात आहे. आता पत्र पाठवून बंद करून दाखवा म्हणावं!"

जानेवारीत वादळाने तारा पाडल्या. वीज गेली, इंटरनेट गेलं. एल्माने हिल्डिंगला त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणायला लावली. कुरकुरत त्याने ती फडताळातल्या त्या पेटीला आणि वायफायच्या राउटरला जोडली; घरातल्या घरात पेटीतले आवाज ऐकायला इंटरनेट लागत नव्हतं. एवढीशी वीज खाणारी पेटी त्यावर आरामात चालली. दुपारी शेजारी तिच्या लाकडाच्या चुलीभोवती जमले. एल्माने मोबाइलवर एक आवाज लावला.

हिल्डिंगची आई बोलत होती. लहानपणी पोराने साय कशी चोरून खाल्ली, ते रंगवून सांगत होती.

शाळेपासून ती भाषा न बोललेला हिल्डिंग त्याच भाषेत ओरडला, "खोटं आहे, आई! मांजराने खाल्ली!"

सगळे खो खो हसले. तो डोळे पुसत राहिला.

वसंतात एका संग्रहालयाने कळवलं: निवडक आवाज आम्ही जपू. एल्माने उत्तर धाडलं, "निवडायचं नाही. घ्यायचे तर सहाशेच्या सहाशे."

ते अजून विचार करताहेत. हिल्डिंगने मात्र दुसरी पेटी आणून सगळ्याची एक प्रत आपल्या घरी ठेवली आहे.