बर्कची पाठ आणि माझी मांडी

बहारीनमधल्या अकरा वर्षांत मी एकदाच धावलो, आणि त्यानंतर सहा आठवडे मला बसता आलं नाही.

नव्वदीच्या दशकातल्या एका जानेवारीतली ही गोष्ट. मी सित्राच्या एका कारखान्यात पंप दुरुस्त करायचो, बायको अनिता एका दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि अरादला अबू युसुफच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. त्या हिवाळ्यात अमरावतीहून माझे बाबा व्हिजिट व्हिसावर आले होते. बाबांची उभी हयात आखाड्यात गेलेली. लचक, मुरगळ, उसण, काहीही असो, ते तेल लावून चोळून बरं करायचे. (मला आखाड्याची माती आयुष्यात एकदाच लागली, तीही पाय घसरल्यामुळे.)

बाबांची आणि घरमालकाची आठवड्यातच दोस्ती जमली. संध्याकाळी दोघं दारात खुर्च्या टाकून बसत. याला अरबी येत नाही, त्याला वऱ्हाडी येत नाही. अबू युसुफ वयाचा मान म्हणून बाबांना 'हाजी' म्हणायचा, बाबा त्याला 'जयभीम' म्हणायचे आणि दोघांचंही समाधान व्हायचं.

अबू युसुफचा जीव होता त्याच्या कुत्र्यात. बर्क त्याचं नाव, म्हणजे वीज. इंग्लंडहून आणलेला राखाडी ग्रेहाउंड. दर हिवाळ्यात रिफाच्या पलीकडच्या माळावर त्याची आणि अबू युसुफच्या मेहुण्याच्या सलुकीची शर्यत लागायची. सलुकी हा तिकडचा खानदानी शिकारी कुत्रा. मेहुणा सलग तीन हिवाळे जिंकला होता आणि उरलेलं वर्षभर, प्रत्येक जेवणात, त्याची आठवण करून द्यायचा. यंदा शर्यत शुक्रवारी सकाळी होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात सौदीतली बहीण आजारी पडल्यामुळे अबू युसुफला पूल ओलांडून जावं लागलं. गुरुवारी रात्रीपर्यंत परतणार होता. तोवर बर्क आमच्याकडे.

"सदीक, रोटी मफी, मक्खन मफी. मुर्गी-चावल, खलास," त्याने मला बजावलं. (मफी म्हणजे नाही, खलास म्हणजे बस.) "और ये पट्टा टाइट, कान के पीछे. लूज नहीं. इसका गर्दन मोटा, सर छोटा."

"नो प्रॉब्लेम," मी म्हणालो. इतके मोठाले पंप सांभाळणाऱ्या माणसाला एक पट्टा काय जड होता!

बर्क घरात आला आणि बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पोट पाठीला लागलेलं. पाठीला भलामोठा बाक. बसायला गेला की मागचा भाग जमिनीपासून चार बोटं वर अधांतरी राहायचा. दोन क्षण तसा कसाबसा तरंगायचा आणि मग कंटाळून आडवा व्हायचा.

"ह्याले उसण भरली हाय," बाबांनी निदान केलं. "पाठ पाह्य कशी कमानीसारखी झाली. बसताही येऊन नाही राहिलं बिचाऱ्याले."

"बाबा, ती पाठ तशीच असते," अनिता म्हणाली. तिने बर्कच्या मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. "अख्खा कणा वाकतो आणि सुटतो, म्हणून तर हा एवढा धावतो. नुसत्या पायांचं काम नाही ते."

"एक्स-रे काढला काय तू?"

"हाताला कळतं, बाबा."

"हात तर म्याही लावला."

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी मी ते बाबांच्या पारड्यात टाकलं. पंपाचा शाफ्ट वाकला की पंप बिघडलाच, हा माझा अनुभव. (घरात हाडांचं माणूस पगारी नोकरीला असताना मी शाफ्टवर विसंबलो. मला सून व्हायचं नव्हतं, मुलगा राहायचं होतं.)

झालं. तिळाचं तेल कोमट झालं, त्यात ओवा पडला. बर्क जाजमावर आडवा झाला आणि बाबा चोळायला बसले. त्यांचा हात मागच्या मांडीवर गेला आणि तिथेच थांबला.

"अनिता, इकडे ये. ही मांडी पाह्य." त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. "आमच्या आखाड्यात अशी मांडी एकाचीच होती. तो मेल्यावर मले आज दिसली."

मग आम्ही तिघंही खाली बसून त्या कुत्र्याकडे बघत राहिलो. छाती बोटीच्या नाळेसारखी खोल. खाली पाय काटक्यांसारखे, वजन नावालाही नाही; सगळी ताकद वर, मांडीत आणि कमरेत साठवलेली. पातळ कातडीखाली प्रत्येक स्नायू वेगळा दिसत होता. जिथे जे नको ते देवाने, म्हणजे ज्याने कोणी घडवलं त्याने, काढून टाकलं होतं. मी सवयीने माझ्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला.

तीन दिवस मालिश चाललं. बर्क सुखाने डोळे मिटायचा, पाठीचा बाक मात्र तसूभर हलला नाही. गुरुवारी बाबा म्हणाले, "मानेलेही तेल लावतो. पट्टा जरा सैल कर, शिरा दबतेत." मी पट्टा दोन भोकं सैल केला. संध्याकाळी तेलाने चकाकणारा बर्क घेऊन आम्ही अरादच्या किल्ल्याजवळच्या मोकळ्या मैदानावर फिरायला निघालो. मी पुढे, बाबा मागून सावकाश.

किल्ल्याच्या भिंतीजवळून एक मांजर निघालं.

बर्क थांबला. मान खाली घालून त्याने एक पाऊल मागे घेतलं, आणि माझ्या हातात साखळी राहिली, साखळीला पट्टा राहिला, पट्ट्यात मात्र कोणी नव्हतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. मी नुसता बघत राहिलो. ती वाकडी पाठ मिटली तेव्हा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे गेले. मग पाठ उलगडली आणि अख्खा कुत्रा आडवा ताणून हवेत गेला. मिटला तेव्हाही चारही पाय हवेत, उलगडला तेव्हाही चारही पाय हवेत. जमिनीला तो फक्त विचारपूस करायला लागत होता. अनिताची पाठीबद्दलची गोष्ट मला त्या क्षणी पटली. इतकं देखणं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग आठवलं की उद्या सकाळी शर्यत आहे, मैदानावर दगड आणि काचा आहेत, पुढे रस्ता आहे आणि कुत्रा अबू युसुफचा आहे. मी धावलो.

तिसऱ्या पावलाला माझ्या मांडीच्या मागे 'तट्ट' असा आवाज झाला. कोणीतरी दगड मारला असं वाटून मी मागे वळलो आणि वळता वळताच पडलो. मांजर भिंतीवर चढलं. बर्कने एक मोठा फेरा मारला आणि, जेमतेम अर्ध्या मिनिटात दिवसाचं काम संपल्यासारखा, येऊन माझ्या शेजारी आडवा झाला. दोघंही धापा टाकत होतो. तो तिनेकशे पावलं धावला होता, मी तीन.

बाबा धावत आले. वाकले. आधी त्यांनी बर्कचे चारही पाय, एकेक बोट, दोन्ही मांड्या चाचपल्या.

"शाबूत हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तुले काय झालं?"

एका भल्या माणसाने पिकअप थांबवून आम्हाला घरी सोडलं. पुढे बर्क आणि बाबा, मागे सामानाच्या जागी मी. अनिताने दार उघडलं, मला लंगडताना बघितलं आणि विचारलं, "बर्क बरा आहे ना?"

अबू युसुफ आला तेव्हा मी दिवाणावर पालथा पडलो होतो. लपवावं असं मनात आलं, पण बाबांनी डोळे वटारले. मी सगळं सांगितलं: तेल, सैल पट्टा, मांजर. मेहुण्याचं चौथं वर्ष अबू युसुफच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. तो खाली बसला, त्याने बर्कच्या मागच्या मांडीवर हात ठेवला. मग दाबलं, ताणलं, पुन्हा दाबलं.

"हाजी," तो शेवटी म्हणाला, "ये बहुत नरम. बहुत अच्छा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम गिरा?"

सकाळी मलाही नेलं. पिकअपच्या मागे, गादीवर. पुढच्या गाडीने आमिष म्हणून दोरीला बांधलेलं कातडं ओढत नेलं आणि दोन्ही कुत्रे सुटले. निम्म्यापर्यंत सलुकी पुढे होती. मग ती वाकडी पाठ मिटली, सुटली, मिटली, सुटली, आणि बर्क एका कुत्र्याच्या लांबीने जिंकला. अबू युसुफने बाबांना मिठी मारली. बाबा रडत होते. मीही रडत होतो, पण माझं कारण खड्डे होते. पुढच्या आठवड्यात मेहुणा स्वतःची सलुकी घेऊन तेल लावून घ्यायला आमच्या दारात आला.

अनिताने एक्स-रे काढला. हाड शाबूत; स्नायू फाटलाय हे तिच्या हाताला कळलं. बाबांनी चोळू का विचारलं, ती नको म्हणाली, आणि या वेळी आम्ही दोघांनी तिचं ऐकलं. मी बसायला गेलो की अधांतरी तरंगायचो आणि मग आडवा व्हायचो. अबू युसुफ कामाला गेला की बर्क खाली यायचा आणि माझ्याच दिवाणावर पसरायचा. एका दुपारी बाबा बराच वेळ आम्हा दोघांकडे बघत राहिले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "ह्याले उसण नव्हती. मांडी इतकी भरली हाय का बसताच येत नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, थोडा वेळ शोधलं आणि तेलाची वाटी बर्ककडे सरकवली.