उत्तम मास्तरांच्या चार फेऱ्या

मानपाडा रोडवर उत्तम खैरे यांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टपरी, एक बाकडं आणि डाव्या बाजूलाही ब्रेक-क्लच बसवलेली एक फियाट. त्या डाव्या सीटवर बसून मास्तरांनी सोळा वर्षांत निम्म्या डोंबिवलीला गाडी शिकवली. ठाण्याच्या आरटीओत त्यांचा विद्यार्थी सहसा नापास होत नसे. लोक मान द्यायचे, आणि मास्तर मनातून जळायचे. हा माणूस साताऱ्याहून आला होता तो गाडी पळवायच्या वेडाने, आणि आयुष्य चाललं होतं ताशी वीसच्या वेगाने.

एक्क्याण्णव साली कल्याणच्या पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या एका जुन्या धावपट्टीवर, एका मोटर क्लबने ड्रम आणि टायर मांडून रेसिंगचा ट्रॅक आखला. हा शौक बड्या लोकांपुरता राहू नये म्हणून दर रविवारी सत्तर रुपयांत कुणीही यावं, शेजारी गाईड बसेल, चार फेऱ्या माराव्यात, असं ठरलं. फियाटसकट या, गाईड व्हा, म्हणून क्लबचे सेक्रेटरी मास्तरांकडे आले. मास्तरांनी पगार मागितला नाही.

"पावसाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी मला तुमच्या रेसच्या गाडीत एकट्याला चार फेऱ्या द्या. टायमिंग चांगलं आलं, तर मद्रासच्या शर्यतीला माझं नाव पाठवा."

"दिला शब्द, मास्तर," सेक्रेटरी म्हणाले. मोठ्या लोकांना शब्द द्यायला काय जातं? पण हा त्यांनी पाळला, एवढं मान्य केलं पाहिजे.

मास्तरांनी जीव ओतला. क्लबच्या एका जुन्या रेसरकडून दोन दिवस धडे घेतले आणि ट्रॅक पायी चालून पाठ केला. नोव्हेंबर ते मे, एक रविवार चुकवला नाही. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर मारायचा, वळणात नजर पुढे ठेवायची, असं ते कारकुनांना, दुकानदारांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत. त्यातला एक परशुराम कोळी. ठाण्याच्या खाडीकाठचा, मासळीचा टेम्पो चालवणारा. त्याला लायसन्सही मास्तरांनीच मिळवून दिलं होतं.

"ओ मास्तर, पाय काढा ना ब्रेकवरनं! मी काय मारतो काय तुम्हाला?" तो ओरडायचा. मास्तर हसून पाय काढत, आणि पुढच्या वळणाला पाय परत तिथेच.

शेवटच्या रविवारी मास्तरांनी बायकोला, रतनला, मुद्दाम बरोबर आणलं. सगळ्यांत तेज विद्यार्थी म्हणून परशुरामला रेसच्या गाडीत आधी सोडलं. त्याची फेरी एक मिनिट बारा सेकंदांची. मग मास्तर हेल्मेट घालून उजव्या सीटवर बसले.

पहिल्या दोन फेऱ्या अंदाज घेण्यात गेल्या. तिसरीत त्यांनी गाडी सोडली. काटा नव्वदवर गेला आणि पुढे डावं वळण आलं. तेवढ्यात मास्तरांचा उजवा हात खिडकीबाहेर गेला आणि गोल गोल फिरू लागला. आरटीओच्या परीक्षेत डावीकडे वळताना दाखवतात, तस्सा. "हात दाखव, हात दाखव" म्हणून सोळा वर्षं ज्याने पोरांच्या डोक्यात घण घातले, त्याचा स्वतःचाच हात कुणाचं ऐकणार? गाडी भरकटून दोन ड्रम उडवून गेली. बघणारे पोट धरून हसले. रतनला कळेना काय झालं, म्हणून तीही हसली.

चौथ्या फेरीत मास्तरांनी हात आवरला. पाय आवरला नाही. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी तो ब्रेकवर जाऊन बसे. शेजारी कुणी शिकाऊ नव्हता, समोर कुणी आडवं येणार नव्हतं, तरी पाय आपला कुणाला तरी वाचवत होता. एक मिनिट एकोणतीस सेकंद.

मद्रासला परशुरामचं नाव गेलं. तो पाया पडायला वाकला. "मास्तर, तुमच्यामुळेच." त्याच्या कानाखाली वाजवावी असं मास्तरांना वाटलं. त्यालाच काय, आजवर शिकवलेल्या एकूण एकाला ओळीत उभं करून वाजवावी असं वाटलं.

"जाऊ द्या हो," रतन म्हणाली, "धडधाकट परत आलात ना?"

"तेच तर झालंय आयुष्यभर," मास्तर म्हणाले.

एवढ्यात सेक्रेटरींनी हाक मारली. सत्तर रुपये भरलेले नऊ जण उन्हात ताटकळत होते. मास्तर आपल्या फियाटच्या डाव्या सीटवर जाऊन बसले. शेजारी विठ्ठलवाडीचा एक पोस्टमन होता, पहिल्यांदाच आलेला. तीन फेऱ्या त्याने छान मारल्या. चौथीला त्याला धीर आला, चेहरा खुलला.

"मास्तर, आता जरा जोरात घेऊ?"

रस्ता सरळ होता, मोकळा होता, आणि पोस्टमनचा हात पक्का होता.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काही कारण नसताना, मुद्दाम ब्रेक दाबला.